मूळ शोधक : एल्मर टिब्स

अण्णा, तुझ्या नावाची चिठ्ठी आठ दिवस माझ्या खिशात होती. शर्ट बदलत होतो, चिठ्ठी एका खिशातून दुसऱ्यात जात होती. तुझ्या लेकीच्या, मनीषाच्या हातची. भांड्यांवर नाव टाकून घ्यायला लोक तुझ्याकडे जशी आणायचे तशीच, वहीच्या पानाची, चार घड्या घातलेली. तिच्यावर दोन ओळी. पहिली : कै. रघुनाथ यांच्या स्मरणार्थ. दुसरी : मूळ शोधक एल्मर टिब्स, अमेरिका.

दुसरी ओळ खोटी आहे. एल्मर टिब्स नावाचा कुणी माणूस नव्हता. तो मी तयार केला. तुझ्याच गाळ्यात, तुझ्याच स्टुलावर बसून, तू मागवलेला चहा पिता पिता. चौदा वर्षं तू त्याचं नाव स्वतःच्या हातच्या वस्तूवर कोरत राहिलास आणि मी समोर बसून बघत राहिलो. तू गेलास तेव्हाही तुला हे माहीत नव्हतं.

एवढं आधी लिहून टाकलं. माझा स्वभाव मला माहीत आहे. आठवणी सांगत बसलो असतो आणि नेमकी गोष्ट राहून गेली असती.

भांडी बाजारातला तुझा गाळा एवढासा, की दोन गिऱ्हाईकं आत आली की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं. एक टेबल, एक वाकडा दिवा आणि हातात मावेल असं ते कोरायचं मशीन. दिवसभर टर्रर्र टर्रर्र. लग्नाची ताटं, बारशाच्या वाट्या, मुंजीची तांब्याभांडी, तेराव्याला वाटायचे डबे. नाशकात कुणाच्या मांडणीत कुठल्या पातेल्यावर काय लिहिलंय हे तुला त्या घरच्या माणसांपेक्षा जास्त ठाऊक. नाव पूर्ण झालं की तू त्यावरून अंगठा फिरवायचास. कुठे टोचलं तर बारीक कानस मारायची, पुन्हा अंगठा. मग फडकं.

"सांग मास्तर, भांड्यावर नाव कशाला टाकतात?" एकदा तू मला विचारलंस. मी तंत्रनिकेतनात ड्रॉइंग शिकवतो म्हणून तू मला आयुष्यभर मास्तर म्हणालास, त्यात थोडी थट्टा असायचीच.

"ओळखायला."

"ओळखायला लाल रंगाचा ठिपका दिला तरी भागतं. नाव टाकलं की ती वस्तू त्या माणसाची होते. तो मेला तरी त्याचीच राहते. म्हणून आपल्या धंद्यात चुकीचं नाव टाकणं म्हणजे पाप. बाकी सगळं पुसता येतं, हे नाही."

त्याच दिवशी तू माझ्या हातात मशीन दिलंस. म्हणालास, वर्गात रेघा मारतोस ना, इथं मारून दाखव. मी एका वाटीवर तुझंच नाव टाकायला गेलो आणि पहिलाच र असा घसरला की तू पोट धरून हसलास. "अरे, निम्म्या नाशकाची नावं र वरून सुरू होतात. तुझं दुकान दोन दिवसांत बंद पडेल." ती वाटी तू फेकली नाहीस. तिच्यात स्क्रू ठेवायचास.

आपलं जमलं ते जुन्या पेटंटांमुळे. मी मुलांना दाखवायला म्हणून शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची अमेरिकेतली पेटंटं छापून आणायचो. आता ती कुणालाही फुकट बघता येतात. गेल्या शतकाच्या सुरुवातीला तिकडच्या लहान लहान गावांतल्या माणसांनी किती गोष्टींची पेटंटं घेतली होती! फरशी पुसायचं फडकं पिळायची बादली. स्वतःच हलणारा पाळणा. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून आकडा. अंडी फेटायचं चाक. प्रत्येकाचं चित्र शाईच्या बारीक रेघांनी काढलेलं, प्रत्येक भागाला आकडा. त्या दिवशी माझ्या पिशवीत बटाट्याची सालं काढायच्या यंत्राचं चित्र होतं. तू ते उपसून घेतलंस, दिव्याखाली धरलंस.

"हा सात नंबर बघ," तू म्हणालास. "हे पातं असं लावलं तर बटाटा राहील बाजूला, बाईचं बोट सोललं जाईल."

मी हसलो. मग सोबतचा मजकूर वाचायला घेतला, तर तिसऱ्या परिच्छेदात त्या माणसाने स्वतःच कबूल केलं होतं की पात्याला बोटासाठी आड लावणं इष्ट. तू सातवी शिकलेला, इंग्रजीचं अक्षर वाचता येत नव्हतं, आणि वीस वर्षं ड्रॉइंग शिकवणाऱ्या मला जे दिसलं नव्हतं ते तू दोन मिनिटांत पाहिलंस. त्या दिवशी मला कौतुकच वाटलं होतं. हेवा नंतर आला.

मग रविवार ठरून गेले. सकाळी गाळा उघडायच्या आधी मी कागद घेऊन तुझ्या घरी यायचो, इंग्रजी वाचून मराठीत सांगायचो, तू चित्रावर बोट ठेवून आकडे शोधायचास. त्या कागदांची सुरुवात ठरलेली असायची : मी, अमुक तमुक, अमक्या गावचा रहिवासी, अमक्या यंत्रात काही नवीन आणि उपयुक्त सुधारणा शोधून काढल्या आहेत. आणि शेवटी : माझा दावा असा की. ही दोन वाक्यं तुझ्या तोंडात बसली. वहिनींनी आमटीत शेंगांऐवजी कैरी घातली की तू भुरका मारून जाहीर करायचास, "शैला, राहणार नाशिक, हिने आमटीत नवीन आणि उपयुक्त सुधारणा केली आहे!"

"गिळा आता," वहिनी म्हणायच्या. "दावा नंतर करा."

त्याच सुमारास वहिनींचा उजवा हात मोडला. जिन्यावरून पडल्या. हाड जुळलं, पण मनगट फिरेना. आणि पुढे चैत्र. कुरडया करायच्या तर गव्हाचा शिजवलेला चीक गरम असतानाच सोऱ्यातून दाबायचा, आणि स्क्रूचा सोऱ्या म्हणजे मूठ गोल गोल फिरवायची. संपला की पुन्हा भरायला सगळे फेरे उलटे फिरवायचे. तेवढ्यात चीक गार होऊन घट्ट बसतो. वहिनी गच्चीवर डाव्या हाताने झटत होत्या आणि तू चार दिवस नुसता बसून बघत होतास. शेजारच्या बायकांना वाटलं, काय हा माणूस, बायको रडकुंडीला आलीय आणि हा बघतोय.

पाचव्या आठवड्यात तू मला पितळेचा सोऱ्या दाखवलास. मूठ फिरवायची गरजच नाही. लांब दांडा पुढेमागे ढकलायचा, आतलं दाती चाक एकेक दात पुढे सरकतं. आणि खरी गंमत वरच्या नटमध्ये. ती तू मधोमध चिरून दोन अर्ध्या केल्या होत्यास. अंगठ्याने खिट्टी दाबली की दोन्ही अर्ध्या बाजूला होतात आणि स्क्रू एकही फेरा न घेता सरळ वर येतो. भरा, खाली ढकला, खिट्टी सोडा, दाबा.

मी ती खिट्टी दहा वेळा दाबून पाहिली. पोरांना नटबोल्टची चित्रं काढायला शिकवण्यात माझी उमेद गेली, अण्णा. नटची सहाही तोंडं मी डोळे मिटून काढून दाखवेन. ती मधून चिरावी, हे मला सुचलं नसतं. सुचलं नव्हतं.

तू आतून जुन्या कॅलेंडरचं पान आणलंस. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने सोऱ्याचं चित्र, अगदी त्या पेटंटांसारखं, बारीक रेघांची छाया देऊन, प्रत्येक भागाला देवनागरी आकडा घालून. खाली डावीकडे तू दोन ओळी आखल्या होत्यास, कारण त्या कागदांवर दोन साक्षीदारांच्या सह्या असायच्या. एका ओळीवर वहिनींचं नाव. दुसरीवर माझं.

"मास्तर, एक काम कर," तू म्हणालास. "हे आधी कुणी केलंय का बघ. नसेल तर मग आपण दावा करू. तू इंग्रजीत लिही, मी बोट दाखवतो."

मी हो म्हणालो आणि शोधलं नाही. आळस म्हणालो तर तेही खोटं ठरेल. मी दर शनिवारी संगणकापुढे बसायचो आणि उठायचो. सापडलं तर तुला वाईट वाटेल असं स्वतःला सांगायचो. खरी भीती सापडणार नाही याची होती. सातवी शिकलेल्या माणसाच्या नावावर पेटंट लागणार, आणि त्याखाली साक्षीदार म्हणून मी. माझ्या मुलीला, माझ्या विद्यार्थ्यांना ते दिसणार. हे आज पहिल्यांदा असं स्वच्छ शब्दांत लिहितोय. तेव्हा मनात याला शब्दही नव्हते.

दोन महिने गेले. तू विचारायचास, मी परीक्षा आहेत म्हणायचो, पेपर तपासायचेत म्हणायचो. मग तो दिवस. गाळ्यात चहा मागवून तू समोरच्या पितळेच्या दुकानातल्या शेटजींना सोऱ्या दाखवत होतास. मी आलो तसे शेटजी मिस्किलपणे म्हणाले, "या मास्तर. अण्णाचं काम दोन महिने लोळतंय म्हणे. स्वतःचं असतं तर दोन दिवसांत झालं असतं, काय?"

"झालं की," मी म्हणालो. "कालच सापडलं. आधीच आहे पेटंट."

तोंडातून निघून गेलं. परत घ्यायला एक श्वासभर वेळ होता, तो मी चहाचा घोट घेण्यात घालवला.

"कुणाचं?" तू विचारलंस.

एल्मर हे एका कपड्यांच्या चिमट्याच्या पेटंटवर वाचलेलं नाव. टिब्स हे दुसऱ्याच एका कागदावरच्या साक्षीदाराचं. दोन्ही जोडली. गाव तिसऱ्या कागदावरून. सनही सांगितला, तो पुढे तू तोंडपाठ केलास.

तू सोऱ्या मांडीवर घेऊन खिट्टी एकदा दाबलीस, सोडलीस. मला वाटलं आता तू रागावशील, निदान हिरमुसशील. आणि तू हसलास.

"म्हणजे डोकं बरोबर चाललं ना आपलं? शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एका माणसाला जे सुचलं तेच मला सुचलं. शेटजी, ऐकलं का? मी आणि तो, सख्खे भाऊ झालो की!"

त्या संध्याकाळी तू वहिनींना शिरा करायला लावलास. मी तो खाल्ला.

पुढच्या रविवारी तू पहिल्या सोऱ्यावर नाव टाकलंस. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत : मूळ शोधक एल्मर टिब्स, अमेरिका. मी म्हणालो, अण्णा, याची काय गरज, कोण बघतंय. तू मान वर न करता म्हणालास, "दुसऱ्याच्या भांड्यावर आपलं नाव घालू? सगळा जन्म यातच गेला ना माझा." आणि अंगठा फिरवलास.

मग एकेक सोऱ्या मागणीने जाऊ लागला. मनगट दुखणाऱ्या बायका एकमेकींना सांगायच्या. पिंपळगावला मनीषाच्या सासरी एक, लासलगावला एक, सुरगाण्याच्या एका शिक्षिकेकडे एक. प्रत्येकावर तेच नाव. तू त्याला एल्मरभाऊ म्हणायला लागलास. तुला त्याची माहिती हवी असायची आणि मी पुरवत गेलो. काय करायचा? लोहार होता. चाललं का त्याचं यंत्र? फारसं नाही, अण्णा. हे तुला पटायचं, तू मान हलवायचास, जणू घरातलीच गोष्ट. बाकीचं तू स्वतः रचलंस. "त्याच्याही बायकोचा हात मोडला असणार बघ. नाहीतर पुरुषमाणसाला सोऱ्याचं दुःख कळतंय होय?"

एकदा म्हणालास, त्याच्या नातवंडांना पत्र टाक. सांग त्यांना, इथं नाशकात आजोबांचं यंत्र चालू आहे, आणि आम्ही नाव त्यांचंच टाकतो, म्हणावं. मी पत्र लिहिलं असं सांगितलं. तू दर चार-सहा महिन्यांनी विचारायचास, "काही आलं का रे तिकडून?" मी म्हणायचो, नाही अजून. हे खोटं मला पहिल्यापेक्षा जास्त लागतं. पहिलं तोंडातून निसटलं होतं. हे मी दर वेळी नव्याने, शांतपणे बोललो.

मी का बोललो नाही? पहिल्या वर्षी लाज वाटत होती म्हणून. पाचव्या वर्षी, इतकी वर्षं गप्प का होतास असं तू विचारशील म्हणून. दहाव्या वर्षापर्यंत तर एल्मर माझ्याहून तुझा जवळचा झाला होता. त्याला मारलं तर तुला सोसणार नाही, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला दयाळू ठरवायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

शेवटची संधी दवाखान्यात होती. दुपारी भेटायच्या वेळेला आलो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तू नळ्यांमध्ये, आवाज बसलेला. म्हणालास, "अकरा सोरे तयार आहेत यंदाचे. नावं टाकायची राहिलीत." मी म्हणालो, बरा झालास की टाकशील. 

"मास्तर, आलं का काही एल्मरच्या घरून?"

खोलीत आपण दोघंच होतो, अण्णा. दहा मिनिटं होती. आणि मी म्हणालो, "येईल."

तू माझ्या हातावर थोपटलंस. धीर मला दिलास तू. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलास.

तेराव्याला मनीषाने ती चिठ्ठी दिली. वहिनींचं ठरलं होतं, तुझ्या हातचे ते अकरा सोरे तुझ्या आठवणीसाठी द्यायचे. नाव कोण टाकणार? "काका, तुम्हीच टाका," मनीषा म्हणाली. "पप्पांच्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावलेलाच नाही. आणि दुसरी ओळ विसरू नका हं. तुम्हाला तर माहितीच आहे त्यांना त्याचं किती होतं."

त्या आठ दिवसांत मी ते काम केलं, जे चौदा वर्षांपूर्वी करायचं होतं. तास संपले की कॉलेजच्या संगणकखोलीत बसून शोधलं. नूडल दाबायची यंत्रं, फळांचा रस काढायची यंत्रं, कपडे पिळायचे रूळ, शेकड्यांनी चित्रं. तुझ्यासारखा सोऱ्या कुठेही नाही. एका सुताराच्या, लाकूड आवळून धरायच्या शिकंज्याचं जुनं पेटंट सापडलं, त्यात चिरलेली नट आहे. खिट्टी वेगळी, काम वेगळं, पण नट चिरलेली. जाणकार माणूस कदाचित म्हणेल, हे आधीच होतं. दुसरा म्हणेल, शिकंजा कुठे आणि सोऱ्या कुठे. मला माहीत नाही. ते भांडण व्हायला हवं होतं. तू बोट दाखवायचं, मी लिहायचं, त्यांनी नाकारायचं, तू चिडून पुन्हा चित्र काढायचंस. ते भांडण तुझ्या हक्काचं होतं आणि मी ते होऊच दिलं नाही. आता अर्ज करून उपयोग नाही. वस्तू इतकी वर्षं लोकांच्या स्वयंपाकघरांत उघड वापरात आहे, ती आता नवीन धरत नाहीत.

नवव्या दिवशी सकाळी तुझ्या घरी गेलो. वहिनी हॉलमध्ये गहू निवडत होत्या, मनीषा शेजारी बसली होती. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं. जास्तीत जास्त चार वाक्यं झाली असतील. चौदा वर्षं चार वाक्यांत मावतात.

मनीषा उठली. "काका, पप्पा देव्हाऱ्यासमोर हात जोडताना त्या माणसाचं नाव घ्यायचे," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसून प्रसाद खायचात." आणि आत गेली. दार आपटलं नाही तिने. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

वहिनींचा हात सुपातच होता. त्यांनी विचारलं, "खरंच नव्हता तो?"

"नव्हता."

"आणि त्याची बायको? हात मोडलेली?"

"ती तर अण्णानेच मनाने..."

"मी दर वर्षी पहिली कुरडई तिच्या नावाने बाजूला काढायचे, भाऊजी."

मी खाली वाकलो, पायाला हात लावायला. त्यांनी सूप मध्ये घेतलं.

"माफी-बिफी माझ्याकडे मागू नका. ज्याची मागायची तो गेला. चिठ्ठी आणा इकडे."

त्यांनी मनीषाला हाक मारून पेन मागितलं. डाव्या हाताने, सावकाश, दोन्ही ओळी खोडल्या आणि खाली एकच लिहिली : शोधक रघुनाथ, राहणार नाशिक.

"स्मरणार्थ नको?" मी विचारलं.

"मेलेल्या माणसांची भांडी सगळ्यांच्याच घरात असतात. हे काय आहे ते लिहा." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच. "हे अकरा झाले. आणि आधी गेलेले? त्यांच्यावर काय आहे?"

मी चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली.

"मनीषाकडे सगळ्यांचे पत्ते आहेत. चाळीसेक घरं असतील. मशीन घ्या आणि जा. फोनवर नाही, दारात जाऊन. का आलात विचारलं तर कारण सांगा. सगळं."

काल पहिल्या घरी गेलो. गंगापूर रोडला, एका निवृत्त नर्सबाईंकडे. ओळख सांगितली तशी त्या हळहळल्या, पाणी दिलं, तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलायला लागल्या. मला मध्येच थांबवावं लागलं. सोऱ्या मागितला. त्यांनी माळ्यावरून काढून दिला, कागदात गुंडाळलेला, पितळ लखलखीत. मग मी सांगितलं. चार वाक्यं त्यांच्यापुढे सहा झाली, कारण मध्ये माझा घसा बसला.

"थांबा हं," त्या म्हणाल्या. "म्हणजे हे अण्णांनीच काढलेलं? आणि मी इतकी वर्षं माझ्या जावेला फॉरेनचं म्हणून मिरवतेय!" त्या हसल्या, आणि लगेच थांबल्या. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ते रागावले असते का हो तुमच्यावर?"

"कळायला मार्ग नाही."

"तुम्हीच ठेवला नाहीत," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. इंजेक्शन देताना बोलतात तसा होता.

सोऱ्यावर जागा नव्हती, अण्णा. प्रत्येक गिऱ्हाइकाला तू सांगायचास, नाव एका बाजूला टाकू, पुढे कुणाचं टाकायचं झालं तर जागा राहू दे. स्वतःच्या सोऱ्यावर मात्र त्याचं नाव तू या टोकापासून त्या टोकापर्यंत टाकलं होतंस. मी त्यावर आडवी रेघ मारली. ते पुसलं जात नाहीच, तू म्हणायचास तसं. तुझं नाव कुठे टाकावं म्हणून सोऱ्या फिरवत राहिलो. बाईंनीच दांड्यावर बोट ठेवलं. "इथं टाका. इथंच हात असतो माझा."

मशीन लावलं.  र घसरला, त्या वाटीवर घसरला होता तसाच. पुढची अक्षरं जरा बरी आली. फुंकर मारली, अंगठा फिरवला. टोचलं. कानस मारली, पुन्हा फिरवला. बाईंनी दांडा हातात घेऊन उजेडात धरला.

"र वाकडा आलाय."

"हो."

"पुढच्या घरी नीट काढा," त्या म्हणाल्या, आणि सोऱ्या माळ्यावर न ठेवता ओट्यावर ठेवला.

उद्या दुसरं घर आहे. तू शिकवला होतास तो र चाळिसाव्या घरापर्यंत बसेल बहुतेक. दारात उभं राहून सांगायची ती वाक्यं मात्र सवयीची होऊ नयेत. शेवटच्या घरीही माझा घसा कालच्यासारखाच बसावा.